रिंगणातला कान: दिल्लीच्या रॅप बॅटलमध्ये श्रोते कोणाचे होतात



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आयुष्यभर शाहिरी वाङ्मय शिकवलं. कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहिले की अख्खं गाव रात्रभर का जागायचं, हा त्यांचा आवडीचा प्रश्न होता. मी आज तोच प्रश्न घेऊन उभी आहे. फक्त डफ-तुणतुण्याच्या जागी बीट आहे, आणि गावाच्या जागी दिल्लीपासून नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरीदाबादपर्यंत पसरलेला मुलूख आहे. दोन मुलं एकमेकांसमोर उभी राहतात आणि शब्दांनी लढतात. भोवती मित्रमंडळी, अनोळखी पोरं, एखादा वाट वाकडी करून थांबलेला असे सगळे रिंगण धरून उभे असतात. दहा मिनिटांत त्या दोघांपैकी एक जण हे रिंगण आपलंसं करतो. कशाच्या जोरावर?

सामना कोण जिंकलं, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. तो निकाल परीक्षक देतात, किंवा आयोजक हात वर करायला सांगून आरोळीचा जोर मोजतात. लोक कोणाचे झाले, हा निकाल उशिरा लागतो. एमटीव्हीच्या ‘हसल’ या स्पर्धेचं पहिलं पर्व २०१९ साली झालं. ती एकास एक बॅटलची स्पर्धा नव्हती, तरी उदाहरण चालेल. विजेता एम-झी बेला ठरला. त्याच पर्वात दिल्लीचा अर्पण कुमार चंदेल, म्हणजे ‘किंग’, शेवटच्या टप्प्यापर्यंत येऊन विजेतेपदाशिवाय परतला. २०२२ मध्ये त्याचं ‘मान मेरी जान’ देशभर वाजलं. त्या पर्वाचा विजेता कोण होता, हे आज अनेकांना आठवून सांगावं लागतं. किंग कोण, हे सांगावं लागत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते, म्हणजे पुढे ते तपासून बघता येईल. बॅटलमध्ये श्रोते त्याचे होतात, ज्याने सगळ्यात नीट ऐकलेलं असतं. प्रतिस्पर्ध्याला ऐकलेलं, समोरच्या गर्दीला ऐकलेलं आणि ज्या गल्लीतून तो आला त्या गल्लीला ऐकलेलं. बॅटल हा बोलण्याचा खेळ वाटतो. वेग, आवाज, आवेश, हातवारे हे सगळं त्यात लागतं, पण एवढ्यावर माणसं एका रात्रीपुरती मिळतात.

दिल्लीला हा खेळ नवा नाही. या शहरातला सगळ्यात गाजलेला काव्यकलह १८५२ सालचा आहे. बहादूरशहा जफर आणि बेगम जीनत महल यांचा मुलगा जवानबख्त याचं लग्न ठरलं. मिर्झा गालिबने त्या लग्नासाठी ‘सेहरा’ लिहिला, म्हणजे नवरदेवाच्या मुंडावळ्यांवरचं गौरवगीत. त्याच्या शेवटच्या शेरात त्याने जाता जाता आव्हान टाकलं, की याहून सरस सेहरा कोणाला लिहिता येत असेल तर लिहून दाखवावा. बादशहाचा काव्यगुरू होता जौक. बाण त्याच्या रोखाने सुटला आहे, हे दरबारात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. बादशहाने जौकला सेहरा लिहायला सांगितलं. जौकने त्याच वृत्तात, त्याच यमकात उत्तर रचलं आणि शेवटी आपलाही दावा ठोकला.

यापुढचा भाग आजच्या विषयासाठी मला फार मोलाचा वाटतो. मुहम्मद हुसैन आझाद यांनी ‘आब-ए-हयात’ या १८८० च्या ग्रंथात लिहिलं आहे, की जौकचा सेहरा गाणाऱ्यांच्या हाती देण्यात आला आणि संध्याकाळपर्यंत तो शहराच्या गल्लीगल्लीत पोचला. आझाद हे जौकचे शिष्य. त्यामुळे गुरूच्या बाजूने थोडं झुकतं माप पडलं असणार, असं मी धरून चालते. पण विजय कशाने मोजला गेला, ते बघा. दरबारात वाहवा कोणाला मिळाली, यावर आझाद थांबत नाहीत. लोकांच्या तोंडी काय बसलं, तिथे ते निकाल लावतात. नंतर गालिबने पद्यातच माफीनामा लिहिला. त्यातही स्वाभिमान असा मुरवलेला आहे, की माफी कुठे संपते आणि टोला कुठे सुरू होतो ते वाचणाऱ्याने ठरवावं. १८५४ मध्ये जौक गेला, बादशहाचा उस्ताद म्हणून गालिब आला आणि आज पावणेदोनशे वर्षांनी जग गालिबचं आहे. त्या संध्याकाळचा सामना मात्र जौकने मारला, असंच मला वाटतं. त्याने गालिबची जमीन, म्हणजे तेच वृत्त आणि तेच यमक, घेतली, तिच्यावर उभा राहिला आणि तिथूनच बोलला. प्रतिस्पर्ध्याला शब्दाशब्दाने ऐकल्याशिवाय हे जमत नाही.

आता आजच्या रिंगणाकडे येऊ. ज्यांनी बॅटल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात रीत सांगते. दोन रॅपर, मध्ये एक सूत्रधार. आधी कोण बोलणार, ते नाणं उडवून ठरतं. ठरलेल्या वेळाच्या दोन-तीन फेऱ्या असतात. कधी मागे बीट वाजतं, कधी सगळं कोरडं, नुसत्या आवाजावर चालतं. काही बॅटलमध्ये घरून लिहून, घोकून आणलेलं चालतं. काहींमध्ये जागच्या जागी रचावं लागतं, त्याला फ्रीस्टाइल म्हणतात. याच मुलांचा दुसरा अड्डा म्हणजे सायफर. तिथे प्रतिस्पर्धी नसतो. गोल करून उभं राहायचं आणि आपली पाळी आली की बोलायचं. दिल्लीत स्पिटडोप नावाच्या मंडळींनी असे सायफर आणि बॅटल भरवले. ‘सीधे मौत’ या आज देशभर ऐकल्या जाणाऱ्या जोडीतला अभिजय नेगी, म्हणजे एन्कोर एबीजे, त्याच वर्तुळातून पुढे आला. त्याचा जोडीदार सिद्धांत शर्मा, म्हणजे ‘काम’ (Calm). आझादी रेकॉर्ड्सने २०१८ मध्ये काढलेला त्यांचा ‘बयान’ ऐका. तो अल्बम आहे, बॅटल नव्हे, पण एकाने टाकलेला शब्द दुसऱ्याने खाली पडू न देता उचलायचा ही रिंगणातली सवय त्यात जागोजाग जाणवते.

या सगळ्यात मेट्रोचा वाटा मोठा आहे. २००२ च्या डिसेंबरात शाहदरा ते तीस हजारी अशी पहिली गाडी धावली. २००९ मध्ये मेट्रो नोएडात गेली, २०१० मध्ये गुरुग्रामला, २०१५ मध्ये फरीदाबादला. त्याआधी उत्तमनगरचा मुलगा आणि फरीदाबादचा मुलगा संध्याकाळी एका बागेत भेटणं अवघड होतं. मेट्रोमुळे मुलुखभरची पोरं एका रिंगणात येऊ लागली, आणि त्यांच्यासोबत हरयाणवी, पंजाबी, भोजपुरी, पहाडी वळणाची हिंदी अशा सगळ्या बोल्या आल्या. दिल्लीतलं रिंगण कधीच एका भाषेचं नसतं. म्हणून इथे गर्दी ओळखायला वेळ लागतो, आणि ज्याला ओळखता येते त्याला मोल येतं.

अशा रिंगणांच्या कडेला मी पुष्कळदा उभी राहिले आहे. पहिल्या काही वेळा मला फक्त गोंगाट आणि शिव्या ऐकू आल्या. हळूहळू कळलं, की गर्दी सगळ्यात मोठ्याने ओरडते ती पलटवारावर. एक जण बोलून थांबतो. दुसरा त्याच्याच शेवटच्या ओळीतला शब्द उचलतो, उलटा फिरवतो आणि त्याच्याच अंगावर टाकतो. घरून आणलेली ओळ कितीही देखणी असली तरी तिला एवढी आरोळी मिळत नाही. कारण उघड आहे. पलटवाराची ओळ दहा सेकंदांपूर्वी अस्तित्वात नव्हती, हे प्रत्येक श्रोत्याला ठाऊक असतं. ती आपल्या डोळ्यांदेखत जन्मली, आणि तिच्या जन्माचं निमित्त आपणही ऐकलेलं आहे. श्रोता त्या ओळीचा साक्षीदार होतो, आणि साक्षीदार सहसा बाजू सोडत नाही.

नाणेफेक जिंकणारे बरेच जण नंतर बोलणं पसंत करतात, ते याच कारणाने. पलटवाराची संधी दुसऱ्याला मिळते. पण तिचा उपयोग करायला समोरचा बोलत असताना मनातल्या मनात आपल्या ओळींची उजळणी थांबवावी लागते. बहुतेकांना ते जमत नाही. त्यांचे डोळे बघा. समोरचा बोलत असतो आणि यांचे ओठ हलत असतात, स्वतःचंच पाठांतर चाललेलं असतं. गर्दीला ते दिसतं.

न्यूयॉर्कच्या हार्लेममधला १९८१ च्या डिसेंबरातला एक सामना या कलेच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. हार्लेम वर्ल्ड नावाच्या क्लबात बिझी बी हा गर्दीला नाचवण्यात पटाईत असलेला कलावंत होता. मी म्हणेन ते तुम्ही म्हणा, असं करत तो सगळं सभागृह आपल्यामागे न्यायचा. त्याच्यानंतर कूल मो डी उभा राहिला. त्याने गर्दीला नाचवण्याचा प्रयत्नच केला नाही. बिझी बी काय करतो, कसा करतो, कोणत्या सवयीच्या ओळींवर तगतो, हे त्याने एकेक करून यमकांत मांडलं. लोकांनी वर्षानुवर्षं ऐकलेला कलावंत त्यांना त्या रात्री पहिल्यांदा नीट दिसला. त्यानंतर बॅटलकडून लोकांची अपेक्षाच बदलली. नुसतं खूश करून भागेना, नेमकं बोलावं लागू लागलं.

नेमकेपणाचा मुद्दा आला म्हणून शिव्यांबद्दल बोलते, कारण घरातली वडीलधारी मंडळी याच कारणाने या कलेकडे पाठ फिरवतात. बॅटलमध्ये अपमान असतो, तो खेळाचा भाग आहे. आपल्याकडे शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात टोमणे असतात, कोकणातल्या डबलबारी भजनात एक बुवा दुसऱ्या बुवाची अभंगांच्या मधे यथेच्छ टर उडवतो, आणि देवळासमोर बसलेल्या आयाबाया तोंडाला पदर लावून हसतात. अपमानाला माझी हरकत नाही. माझी हरकत आळशी अपमानाला आहे. आई-बहिणीवरची शिवी जगातल्या कुठल्याही माणसाला देता येते, म्हणून ती समोरच्या माणसाला लागतच नाही. तिने हशा येतो, आरोळी येते, पण घरी जाताना ती कोणी सोबत नेत नाही. याउलट, तू दर सामन्यात दुसऱ्या फेरीत दमतोस, तू इंग्रजी माध्यमातला असून उगाच टपोरी बोलतोस, तुझे बूट तुझ्या ओळींपेक्षा महाग आहेत, असलं काही त्या एका माणसालाच बसेल असं कोणी बोललं, की रिंगण उसळतं. हा अपमान करायला त्या माणसाकडे लक्ष द्यावं लागलेलं असतं. अपमानातसुद्धा एक प्रकारचा मान असतो, की मी तुला पाहिलं, मी तुझा अभ्यास केला. म्हणून असे दोघे सामना संपल्यावर गळ्यात गळे घालू शकतात, आणि तेही गर्दीला आवडतं.

जात, धर्म, रंग, प्रांत यांवरचे वार मी याच आळसात मोजते, आणि त्याहून वाईट मानते. ईशान्येकडून आलेला, बिहारमधून आलेला, खिडकी गावात राहणारा आफ्रिकेतला विद्यार्थी, हे सगळे या शहरात रस्त्यावर टोमणे ऐकतच असतात. रिंगणात तेच फुकट मिळालेलं हत्यार उचलणारा कलावंत काही नवीन करत नाही. जे उचलत नाहीत त्यांच्याकडे गर्दीतला तो एक श्रोता कायमचा वळतो, ज्याच्यावर ते हत्यार रोज चाललेलं असतं.

भाषेच्या कारागिरीविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण मराठी श्रोत्याला यात खरा रस वाटेल. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे यमक जुळवणं फार सोपं होतं, आणि त्या सोपेपणातच सापळा आहे. ‘मी आलो, तू पळालास, मी बोललो, तू गळालास’ असं तासभर चालवता येतं. नवखा रॅपर हेच करतो. दोन मिनिटांत कान बधिर होतात, कारण पुढचं यमक आपल्याला आधीच दिसतं. तयारीचा रॅपर क्रियापद मधेच उरकून घेतो आणि ओळीचा शेवट नामावर आणतो, शक्यतो ठिकाणाच्या किंवा वस्तूच्या नावावर. समजावण्यापुरती एक जोडी मी रचून दाखवते: ‘ऐटीत आला, जणू अख्खी दिल्ली याची जहागिरी, माईक हाती येताच आठवली याला घरची जहांगीरपुरी.’ इथे ‘आठवली’ हे क्रियापद पुढे गेलं, म्हणून शेवटची जागा मोकळी झाली आणि तिथे मेट्रोच्या पिवळ्या मार्गावरचं एक स्थानक येऊन बसलं. ‘जहागिरी’ ऐकल्यावर श्रोत्याचं मन पुढच्या यमकाचा शोध घेऊ लागतं. त्याला सापडण्याच्या क्षणभर आधी रॅपरने ते दिलं पाहिजे. फार आधी दिलं तर मजा नाही, नंतर दिलं तर श्रोताच पुढे गेलेला असतो.

मुशायऱ्यातली दाद याच तत्त्वावर चालते. गझलेत रदीफ ठरलेला असतो, त्याच्या आधीचा काफिया बदलत जातो, आणि जाणकार श्रोता काफिया कवीच्या आधी ओळखून त्याच्याबरोबर उच्चारतो. दिल्लीच्या कानाला ही सवय शतकांची आहे. आजच्या मुलाने गालिब वाचलेला असेल-नसेल, त्याच्या रिंगणातल्या श्रोत्यांनी शेवटचा शब्द त्याच्याबरोबर ओरडला की तीच जुनी गोष्ट घडते. आणि शब्द ओरडून झाल्यावर थांबायचं असतं. पुष्कळ चांगले रॅपर इथे हरतात. टोला बसलेला असतो, गर्दी उसळलेली असते, आणि हे महाशय पुढच्या चार ओळी त्याच गोंगाटात वाहून घालवतात. थांबायला धीर लागतो. तीन-चार सेकंद काहीही न बोलता उभं राहायचं, गर्दीला तिचं काम करू द्यायचं. जे थांबतात त्यांच्याकडे बघून वाटतं, की याला आपण इथे आहोत हे कळतंय.

अडखळणं हाही असाच क्षण. पाठ केलेलं डोक्यातून निसटतं, त्याला इंग्रजी शब्दाने ‘चोक’ म्हणतात, आणि बॅटलमध्ये यासारखी नामुष्की नाही. तरीही गर्दी निर्दय असते, हे मला मान्य नाही. जो अडखळल्यावर चिडतो, बीटवर खापर फोडतो, वेळ मोजणाऱ्याशी हुज्जत घालतो, त्याला ती सोडत नाही. जो हसून, समोरच्या मुलाच्या टोपीवरून का होईना, जागच्या जागी एक ओळ रचून पुन्हा उभा राहतो, त्याच्यासाठी मी परक्या मुलांना टाळ्या वाजवताना पाहिलं आहे.

आता आपल्या परंपरेशी एक फरक सांगायला हवा. कलगी-तुऱ्यात सवाल असायचे पुराणांवर, अध्यात्मावर. शक्ती श्रेष्ठ की शिव, प्रकृती आधी की पुरुष. गाणारा आणि ऐकणारा दोघांच्या डोक्यात रामायण-महाभारत एकच होतं. त्या सामाईक भांडारातून सवाल निघायचा आणि जवाबही. १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका’सारखा चित्रपट निघाला आणि चालला, तो याच ओळखीवर. दिल्लीच्या रिंगणात असा सामाईक ग्रंथ कोणता? वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या, वेगवेगळ्या शाळांत शिकलेल्या मुलांना एकच ग्रंथ ठाऊक असणार नाही. इथला ग्रंथ म्हणजे हे शहर. कोचिंगच्या जाहिराती, परीक्षेचा फुटलेला पेपर, भाडेकरूला घरमालकाने घातलेल्या अटी, हिवाळ्यातला धूर, क्रिकेट, जुने सिनेमे, गाडीच्या नंबरवरची डीएल आणि एचआर ही अक्षरं. ज्याचा या ग्रंथाचा व्यासंग दांडगा, त्याची ओळ समजावून सांगावी लागत नाही.

याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात स्वच्छ उदाहरण एमसी स्क्वेअरचं आहे. अभिषेक बैंसला हा फरीदाबाद-पलवल भागातला मुलगा. २०२२ मध्ये ‘हसल’चं दुसरं पर्व त्याने जिंकलं. तोवर हिंदी रॅपमध्ये मुंबईची टपोरी बोली आणि दिल्लीची पंजाबी ढब यांचं राज्य होतं. याने हरयाणवी आणली, आणि तिच्यासोबत रागिणीचा सूर आणला. हरयाणात आणि दिल्लीच्या भोवतीच्या गावांत रागिणीचे मुकाबले ही जिवंत परंपरा आहे. एका मंचावर दोन गायक, ढोलक, घडा, हार्मोनियम, आणि रात्र सरेपर्यंत एकमेकांना उत्तरं. सोनिपतजवळच्या जांटी कलांचे पंडित लखमीचंद १९४५ मध्ये गेले, पण त्यांच्या रागिण्या आजही त्या मंचांवर गायल्या जातात. एमसी स्क्वेअर दूरचित्रवाणीच्या मंचावर उभा राहिला तेव्हा आजोबांच्या वयाच्या श्रोत्याला त्यात ओळखीचा सूर लागला आणि नातवाला ओळखीचं बीट लागलं. चाहता वर्ग असा दोन पिढ्यांचा मिळाला, की तो फक्त कौशल्याने मिळालेला नसतो. गावाने वर्षानुवर्षं जे ऐकलं ते या मुलाने आधी ऐकलेलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण अमरावतीचं आहे. शंभराचा आकडा घालून स्वतःचं नाव लिहिणारा सौरभ अभ्यंकर २०२३ च्या ‘हसल’मध्ये उतरला. वऱ्हाडी ढंग, जातीच्या प्रश्नावर सरळ बोट, आणि आवाजात कुठलीही याचना नाही. विदर्भाबाहेरच्या, मराठी न कळणाऱ्या मुलांनीही त्याला उचलून धरलं. शब्द सगळे कळले नसतील, पण हा माणूस कोणाच्या वतीने बोलतो आहे याविषयी त्यांच्या मनात शंका उरली नाही.

एमसी स्क्वेअरच्याच पर्वात मुंबईची सृष्टी तावडे होती. तिच्याकडे आवेश नव्हता. सहज गप्पा माराव्यात तशी ती बोलायची, आणि त्या बेफिकीर स्वरातूनच ओळ टोचायची. तिला मिळालेली लोकप्रियता मला महत्त्वाची वाटते, कारण रिंगणात मुलींची संख्या आजही अगदी थोडी आहे. रात्री उशिरा, मोकळ्या जागी, पुरुषांच्या घोळक्यात उभं राहून ऐकणंसुद्धा मुलीला सोपं नाही, बोलणं तर दूरच. आणि जिथे अपमानाचं अर्धं भांडवल बाईच्या देहावरून उभं राहतं, तिथे समोर बाईच उभी राहिली की पुष्कळ मुलांच्या वह्या कोऱ्या पडतात. सामना बरोबरीचा करायचा असेल तर त्यांना नव्याने लिहावं लागेल. लिहावंच.

गाण्यांतून चालणारी भांडणं, ज्यांना डिस ट्रॅक म्हणतात, ती बॅटलची भावंडं आहेत. २०१८ च्या शेवटी मुंबईचा एमीवे बंटाय आणि दिल्लीचा रफ्तार यांच्यात जुंपली. ‘समझ में आया क्या’ला ‘शेख चिल्ली’ने उत्तर, त्याला ‘गिरफ्तार’ने प्रत्युत्तर. ओळींच्या हिशेबात कोण सरस, यावर वाद घालता येईल. पण रफ्तार तोवर सिनेमा-दूरचित्रवाणीत स्थिरावलेला होता आणि एमीवे कंपनीच्या आधाराशिवाय आपली गाणी स्वतः काढत होता. पुष्कळ तरुणांनी ओळी तोलण्याआधी जागा तोलल्या आणि ते एकट्याच्या बाजूला गेले. तीन वर्षांनी, २०२१ मध्ये, एमीवेशी दिल्लीच्या कृष्णा कौलची गाठ पडली. २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धांच्या वर्षी ‘कैसा मेरा देश’ काढणारा हा जुना गडी. एमीवेची ‘मचाएंगे’ ही गाण्यांची मालिका तिसऱ्या भागापर्यंत आली होती. कृष्णाने आपल्या हल्ल्याचं नावच ‘मचाएंगे ४’ ठेवलं. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मालिकेचा पुढचा भाग यानेच काढला. जौकने गालिबची जमीन घेतली होती, इथे शीर्षक घेतलं गेलं. ऐकणाऱ्याला एक शब्दही ऐकण्याआधी डाव कळला.

अमेरिकेतलं असंच एक भांडण बघा. २०२४ च्या मे महिन्यात रॅपर केंड्रिक लमारने दुसरा रॅपर ड्रेक याच्याविरुद्ध काढलेलं ‘नॉट लाइक अस’ पुढच्या फेब्रुवारीत पाच ग्रॅमी घेऊन गेलं, आणि त्याच महिन्यात सुपर बोलच्या मैदानावर हजारो लोकांनी ते एका सुरात म्हटलं. त्या भांडणात दोघांनी मिळून अनेक गाणी काढली. टिकलं ते, जे लोकांना एकत्र म्हणता आलं.

फोनने या सगळ्यात एक गुंता निर्माण केला आहे, आणि त्याविषयी मला काळजी वाटते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि पन्नास जणांसमोरची बॅटल लाखोंनी पाहण्याची गोष्ट झाली. ई. गॅब्रिएल दत्तात्रेयन यांनी ‘द ग्लोबली फॅमिलियर’ या २०२० च्या पुस्तकात दिल्लीतल्या हिप हॉप करणाऱ्या तरुणांचा अभ्यास मांडला आहे. वस्तीत राहणारी ही मुलं फोन आणि कॅमेऱ्याच्या आधाराने स्वतःला जगाच्या नकाशावर कशी मांडतात, हे त्यात वाचण्यासारखं आहे. तो लाभ मी नाकारत नाही. पण रिंगणातला श्रोता आणि फोनमधला श्रोता यांत फरक आहे. रिंगणात दोन्ही बाजू ऐकाव्याच लागतात, कारण तुम्ही तिथे उभे असता. प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या ओळीला दाद निघून जाते, माणसाला आवरत नाही. फोनवर आपल्या माणसाची फेरी बघून पुढे सरकता येतं, दुसऱ्याची न ऐकता शिव्या घालता येतात. तिथे चाहते न राहता सेना तयार होतात. मग कलावंतही त्या सेनेसाठी लिहू लागतो, समोरच्या माणसासाठी लिहीत नाही, आणि त्याच्या ओळी पुन्हा कोणालाही लागू पडणाऱ्या होतात. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच डिस ट्रॅकमध्ये मला हा ढिसाळपणा ऐकू येतो. प्रेक्षकसंख्येचे आकडे, गाड्या, कोण आधी आलं, एवढ्यावरच गाणी संपतात.

म्हणून मला लहान रिंगणं जपावीशी वाटतात, आणि इथे आपल्या संस्थांना करण्यासारखं काही आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियमवर ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. १९५४ नंतर दिल्लीत ते दुसऱ्यांदाच येत होतं आणि अध्यक्षपदी लोकसाहित्याच्या अभ्यासक ताराबाई भवाळकर होत्या. ओवी आणि लोकगीत यांना विद्वत्तेचा विषय म्हणून मान मिळवून देण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यांच्या अध्यक्षतेखाली हे घडलं, याचा मला आनंद आहे. तोच कान आजच्या रिंगणालाही लावायला हवा. दिल्लीतल्या मराठी घरांतली नातवंडं हिंदीत रॅप ऐकतात, काही करतातही. त्यांना कलगी-तुरा हा पाठ्यपुस्तकातला उतारा वाटतो आणि त्यांच्या आजोबांना रॅप हा धिंगाणा वाटतो. दोघांनाही एकमेकांचं ऐकवण्याची सोय आपल्याकडे आहे: सभागृह आहे, ध्वनियंत्रणा आहे, चहापाण्याची व्यवस्था आहे.

संयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी या मालेतल्या एका संध्याकाळी व्याख्यानाला सुट्टी द्यावी. पहिला तास कोकणातल्या दोन बुवांची डबलबारी ठेवावी, दुसरा तास दिल्लीतल्या दोन रॅपरची बॅटल. नियम एकच: आई-बहीण आणि जात वर्ज्य, बाकी सगळं खुलं. परीक्षक नेमू नयेत. मध्यंतरानंतर कोणीही जागा बदलू नये, म्हणजे आजोबांना बॅटल पूर्ण ऐकावी लागेल आणि नातवाला अभंग.